कोतवाल बुकातला एकच रकाना



निमंत्रणाच्या चिठ्ठीत विषय लिहिला होता, 'आपल्या गावाचा इतिहास'. आम्ही फोन करून विचारलं, कोणत्या गावाचा? पलीकडून उत्तर आलं, "सर, कुठलंही घ्या. सगळ्यांचा सारखाच असतो." गृहस्थ गमतीत बोलले, पण आमचं आजचं सगळं बोलणं त्या गमतीवरच उभं आहे. कारण गावांच्या इतिहासाची जी पुस्तकं, स्मरणिका, गौरवग्रंथ गेल्या तीस-एक वर्षांत आमच्या हाती आले ते खरोखरच सारखे आहेत. गावाचं नाव झाकलं तर कोणत्या गावाचं पुस्तक आहे हे सांगता येऊ नये इतके सारखे.

पहिलं प्रकरण, वनवासात प्रभू रामचंद्र इथे एक रात्र राहिले. दुसरं, गावाच्या नावाची व्युत्पत्ती. तिसरं, शिवाजी महाराजांची फौज साल्हेरकडे जाताना आपल्याच शिवारातून गेली. मग ग्रामदैवत, त्याचा जीर्णोद्धार, देणगीदारांची यादी. मग सरपंचांची नामावळी, फोटोंसह. शेवटी कृषी सेवा केंद्राच्या आणि पतसंस्थेच्या शुभेच्छा. या दीडशे पानांत दुष्काळ पडत नाही. कुणी कर्जात बुडत नाही, कुणी गाव सोडून जात नाही. आणि मुख्य म्हणजे, थोर पुरुषांचं महानिर्वाण सोडलं तर कुणी मरतच नाही.

हे दुसऱ्यांना हसण्यासाठी सांगत नाही. अशाच एका पुस्तिकेला आम्ही स्वतः प्रस्तावना लिहिली आहे. तिच्यात 'मौलिक दस्तऐवज' असे शब्द वापरले आहेत. दस्तऐवज एकही पाहिला नव्हता, पुस्तिकेतही नव्हता. आम्ही तर्कशास्त्र शिकवत होतो, तरी लिहिलं. त्याचं थोडंसं प्रायश्चित्त म्हणून आजचं भाषण आहे असं समजा.

आता बागलाणला सांगण्यासारखा इतिहास नाही असं कोण म्हणेल? मुल्हेरला बागुल राजे होते. त्यांच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ साली 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचलं, संस्कृतात. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी हे राज्य घेतलं. १६७२ मध्ये साल्हेरखाली मराठ्यांनी मोगलांना मैदानी लढाईत हरवलं. हे सगळं खरं आहे आणि अभिमानानं सांगावं असंच आहे. पण हा किल्ल्यांचा, राजांचा इतिहास झाला. किल्ल्याखाली मोसम वाहते, तिच्यावर दगडी बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट करायचा, पाणी कुणी चोरू नये म्हणून जागल्या, आणि बारी लावून देणारा पाटकरी. पाटकऱ्याला धान्यात मोबदला. ही व्यवस्था कुठल्या राजानं हुकूम काढून चालवली नाही. लोकांनी भांडत-तंडत चालवली, शतकानुशतकं. त्या पाटकऱ्याचं नाव काय होतं, त्याला किती पोरं झाली, त्यातली किती जगली? महाकाव्यात हे मिळणार नाही, आणि स्मरणिकेतही मिळत नाही.

मग ते कुठे मिळतं? थोडा वेळ इंग्लंडात जाऊन येऊ. नामपूरला बसून इंग्लंड कशाला, असं काहींना वाटेल. पण एक तुलना केल्याशिवाय आपल्याकडे काय आहे ते नीट दिसणार नाही.

१५३८ साली आठव्या हेन्रीच्या थॉमस क्रॉमवेल या मंत्र्यानं हुकूम काढला की प्रत्येक चर्चच्या हद्दीत, म्हणजे पॅरिशमध्ये, एक वही ठेवायची. बाप्तिस्मा झाला, लग्न लागलं, माणूस पुरला, की पाद्र्यानं लिहायचं. लोकांना हे आवडलं नव्हतं, नवा कर येणार अशी आवई उठली होती. सरकारी माणूस घरातली डोकी मोजू लागला की कुणालाही तेच वाटतं, त्यात इंग्रज आणि बागलाणकर असा फरक नाही. पाद्र्यांनी कंटाळा केला, काही वह्या हरवल्या, काही उंदरांनी खाल्ल्या. तरी उरल्या त्या पुष्कळ.

पुढे चारशे वर्षांनी काय झालं पहा. डेव्हन परगण्यात कोलीटन नावाचं गाव आहे. तिथल्या वह्या घेऊन रिग्ली नावाच्या अभ्यासकानं एकेक कुटुंब जुळवलं. या तारखेला जन्मलेली मेरी ती या तारखेला लग्न झालेली मेरी, तिला ही मुलं, ती या साली वारली. चिठ्ठ्या लावून जुळवण्याचं काम, दुसरं काही नाही. १९६६ मध्ये त्यानं दाखवलं की सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या बायका पहिलं लग्न सरासरी तिशीच्या आसपास करत होत्या, आणि मुलं होण्याचं प्रमाणही घटलं होतं. जुन्या काळी लग्नं लहानपणीच व्हायची, पोरं देवाच्या इच्छेनं व्हायची, हा समज त्या एका गावापुरता कोसळला. मग ४०४ पॅरिशच्या नोंदींवरून १९८१ साली रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी सगळ्या इंग्लंडच्या लोकसंख्येचा तीनशेहून अधिक वर्षांचा इतिहास मांडला. यातल्या कोणत्याही पाद्र्याला आपण इतिहास लिहितो आहोत असं वाटलं नव्हतं. तो आपला रतीब घालत होता.

हॉस्किन्स यांचं 'द मिडलँड पेझंट' हे विग्स्टन या एकाच गावावरचं पुस्तक, १९५७ चं. त्यात राजे-सरदार जवळजवळ नाहीत. छोटे शेतकरी आहेत, त्यांची सामाईक शेतं आहेत. १७६६ मध्ये त्या शेतांना कुंपणं पडली आणि पुढच्या काही पिढ्यांत तो शेतकरी वर्गच विरघळून गेला, हे मृत्युपत्रांवरून, चर्चच्या वह्यांवरून, जमिनीच्या कागदांवरून दाखवलेलं आहे. आम्ही ते वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे लेस्टरशायर नव्हतं, कांद्याचं शिवार होतं.

आता घरी येऊ. आपल्याकडे चर्चची वही नाही. गोवा आणि वसई सोडा. तिथे ती आहे आणि तो वेगळा विषय आहे. आपल्याकडे दोन प्रकारचे कागद आहेत. पहिले तीर्थपुरोहितांचे. नाशिकला रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरी, तुमचे आजे-पणजे दशक्रियेला गेले असतील तर उपाध्यांच्या नामावळीत त्यांची सही किंवा अंगठा सापडेल, सोबत कोण होतं तेही. दुसरे सरकारी. त्यातले जमिनीचे कागद सगळ्यांना ठाऊक आहेत, सातबारा, फेरफार; भाऊबंदकीमुळे आपण त्यात पदवीधर आहोत. पण गाव नमुना नंबर चौदा, ज्याला जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची वही. कोतवालानं खबर आणायची, पाटील-तलाठ्यानं लिहायची, प्रत तालुक्याला जायची. सातबाऱ्यावर येण्यासाठी जमीन लागते. या वहीत येण्यासाठी फक्त जन्मावं किंवा मरावं लागतं. भिल्ल, कोकणा, महार, मांग, सालदार, रोजंदारीची बाई, यांचं नाव गावच्या दप्तरात बहुतेक वेळा इथेच, या एकाच वहीत, उमटलेलं आहे.

या वहीचं नाव २०२३ च्या हिवाळ्यात अचानक घरोघर झालं. सप्टेंबरमध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी तालुक्या-तालुक्यातल्या अभिलेख कक्षांची कुलपं निघाली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते दिवस आले. आमच्या ओळखीतला एक मोडीचा जाणकार तीस वर्षं बिचारा रिकामा बसला होता; त्याच्या दारात चपलांचा ढीग. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानं चढली. आरक्षणाची बाजू-उलटबाजू हा आज आमचा विषय नाही, त्यावर आम्हाला प्रश्न विचारू नका. आम्ही बोलतोय ते वाचण्याच्या रीतीबद्दल.

आमच्या एका भाच्याला असं एक पान मिळालं. मोडी आम्हाला थोडं येतं म्हणून त्यानं फोटो पाठवला. हवी ती ओळ होती, हव्या त्या रकान्यात हवा तो शब्द होता. भाच्यानं लगेच फोटो कापून तेवढी ओळ ठेवली आणि वकिलाकडे पाठवली. आमच्याकडे मात्र अख्खं पान राहिलं. महिना ऑक्टोबर, साल १९१८. एका तारखेखाली एकामागोमाग एक नावं. मृत्यूचं कारण या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप'. खाली कित्ता. खाली कित्ता. पानाच्या तळापर्यंत कित्ता. लिहिणाऱ्याचं अक्षर वरून खाली येता येता बिघडत गेलंय. तळाशी तर नुसती एक आडवी रेघ आहे, कित्ता लिहायचाही कंटाळा आलेला असावा, किंवा त्यालाही ताप चढत असावा.

आमची आजी 'मानमोडी' म्हणायची. मानमोडीत तिची दोन भावंडं गेली हे आम्ही लहानपणी शंभरदा ऐकलं होतं आणि तितक्यांदा कानाआड केलं होतं. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं त्या साथीनं नेली. भाच्याच्या पानावर ती आली होती. त्याला हवी असलेली ओळ त्याच्या पणजोबांच्या धाकट्या भावाची होती, वय वर्षं चार. जातीच्या रकान्यातला शब्द कापून घेतला, आणि पोर पुन्हा एकदा गेलं.

आम्ही चिडलो होतो. आता तितके नाही. भाच्याचा प्रश्न पोटाचा होता, त्याच्या पोरीच्या प्रवेशाचा होता. आम्हाला पेन्शन आहे. पण टीका म्हणून जे म्हणायचं ते एवढंच की न्यायशास्त्रात प्रमाणांचा विचार करताना शब्द आणि अनुमान वेगळे धरतात. आप्त माणूस सांगतो म्हणून खरं मानायचं, हे शब्दप्रमाण. धूर दिसतो म्हणून अग्नी आहे असं ठरवायचं, हे अनुमान. भाचा त्या वहीला आप्त समजून वाचत होता: वही म्हणते, म्हणून आहे. पण वही लिहिणारा आप्त कसला? त्याला सक्ती होती, पगार थोडा होता, अर्धी माहिती ऐकीव होती. एकाच कुटुंबाला दोन वह्यांत दोन जाती लिहिलेल्या आढळतात. भाषासुद्धा पहा: घरात अहिराणी, वहीत मराठी, तीही मोडीत. आई म्हणाली एक, कोतवालानं नेलं दुसरं, कागदावर उतरलं तिसरं. इंग्लंडच्या सुरुवातीच्या पुष्कळ वह्या लॅटिनमध्ये आहेत, तिथेही हाच घोटाळा. म्हणून अशी वही धुरासारखी वाचायची असते. 'कित्ता' हा शब्द काहीच सांगत नाही. खालपर्यंत लागलेली त्याची ओळ मात्र सगळं सांगते. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांचाही असाच आग्रह होता की इतिहासाला मुद्दाम दिलेल्या साक्षीपेक्षा नकळत दिलेली साक्ष जास्त उपयोगी पडते.

इथे कुणी उठून म्हणेल, चला तर मग, नामपूरचं कोलीटन करू. ते तसं होणार नाही, आणि ते का होणार नाही हाच आम्हाला आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. पाद्र्याच्या वहीत तीन घटना आहेत: बाप्तिस्मा, लग्न, दफन. आपल्या वहीत दोनच, जन्म आणि मृत्यू. मधलं लग्न नाही. आणि लग्नातच तर बाई हलते. इथे जन्मली तेव्हा तिची नोंद अशी: बापाचं नाव, खाली 'मुलगी'. बारशाच्या आधीच कोतवाल येऊन गेलेला, त्यामुळे पुष्कळदा नाव नाहीच. मग ती कळवणला किंवा साक्रीला नांदायला जाते. तिथे तिचं नाव बदलतात, बापाचं जातं, नवऱ्याचं येतं. साठ वर्षांनी तिथल्या वहीत ती मरते, अमक्याची बायको किंवा अमक्याची आई म्हणून. या दोन ओळींमध्ये दोरा नाही. पुरुषाचा दोरा सातबारा देतो, भाट देतो, उपाध्या देतो. बाईचा दोरा कुणीच देत नाही. कोलीटनच्या बायका कधी लग्न करत होत्या हे तीनशे वर्षांनी सांगता येतं. आमच्या आजीचं लग्न कितव्या वर्षी झालं हे आम्हाला सांगता येत नाही, आणि आम्ही तिच्या मांडीवर वाढलो.

आणखी एक माणूस पानावर नाही. ज्यानं खबर आणली तो. मौतीचा सांगावा गावोगाव पोचवणं हे महारांच्या वाट्याला टाकलेलं काम होतं. कुणाच्या घरी काय झालं हे ज्याला सगळ्यात आधी कळायचं, त्याच्या तोंडून कळलं असं वहीत कुठे म्हटलेलं नाही.

मग आपल्याकडे गावाचा गंभीर अभ्यास झालाच नाही का? झाला. तीन नावं घेतो, तिन्हींशी आमची थोडी तक्रार आहे. पेशवाई बुडाल्यावर लगेच, १८२० च्या सुमारास, थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरानं पुण्याजवळच्या लोणीचं वर्णन लिहिलं. घरं, अवजारं, जेवण, कर्ज, सगळं. काम इतकं चोख की घुर्ये यांनी पुढे त्याच लोणीकंदचा पुन्हा अभ्यास केला, ते पुस्तक १९६० चं. कोट्सचा डोळा तीक्ष्ण आहे, पण तो नव्या मालकाचा डोळा आहे. माल मोजून घेतल्यासारखं ते वर्णन वाटतं. दुसरे हॅरॉल्ड मान, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये निघाला. त्यातले आकडे आम्ही दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगायचो: सरासरी धारणक्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा, १९१४-१५ मध्ये ७ एकर. दीडशे वर्षांत शेताचे कसे तुकडे पडले ते तीन आकड्यांत. आणि लक्षात घ्या, १७७१ चा आकडा पेशवाईच्या काळातला आहे. त्या काळी कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून मानना तो मिळाला. आज त्या पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आहेत आणि क्षेत्र चौरस फुटांत मोजतात. मानच्या पुस्तकातली तक्रार एवढीच की कुटुंबं तीन आर्थिक गटांत वाटली जातात, टिकणारी आणि बुडणारी, पण बुडणाऱ्या घरातलं माणूस समोर येत नाही.

तिसरे त्रिंबक नारायण आत्रे, 'गावगाडा', १९१५. मराठीत गावावर लिहिलेलं याहून मोठं पुस्तक आम्हाला ठाऊक नाही. कुणब्याची दमछाक, बलुत्याचं गणित, वतनदारांची मिजास, सावकाराच्या युक्त्या, हे सगळं आतून पाहिलेलं आणि कडक मराठीत लिहिलेलं. पण ते पुन्हा काढून वाचा. त्यात पाटील आहे, कुळकर्णी आहे, कुणबी आहे, फिरस्ते आहेत, आणि फिरस्त्यांवर तर आत्र्यांचा राग जरा अतीच आहे. पण त्या गावाला नाव नाही. ते कोणतंच एक गाव नाही. सगळ्या गावांचं मिळून केलेलं एक गाव आहे. पाटकऱ्याचं काम कळतं, अमका पाटकरी कळत नाही. फोनवरच्या गृहस्थांनी गमतीत जे म्हटलं, तेच आत्र्यांनी थोरपणे केलं.

मग राजवाडे? त्यांनी तर घरोघर हिंडून रुमाल सोडले, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड छापले. त्यांच्या नावाचं मंडळ धुळ्याला आहे, इथून फार लांब नाही. पण त्यांना कागद हवे होते ते राज्याचे. कोतवाल बुकाकडे त्यांनी पाहिलंही नसतं, आणि त्यांच्या काळात ती वही ताजीच होती, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला देता येतो. आता ती शंभर वर्षांची झाली आहे.

नामपूरनं स्मरणिका काढायची ठरवली आहे असं कळलं. रामाची रात्र ठेवा, आम्हाला अडचण नाही. साल्हेर तर ठेवाच. सरपंचांचे फोटो काढले तर भांडणं होतील, तेही राहू द्या. पण सोळा पानं वेगळी ठेवा. कोतवाल बुकातली कोणतीही तीन वर्षं घ्या, १९१८ हे त्यातलं एक असू द्या. नोंदी उतरवून काढा, जातीचा रकाना झाकून. मग मोजा. कोणत्या महिन्यात माणसं जास्त जात होती? पावसाळ्यात, की उन्हाळ्यात विहिरी आटल्यावर? पटकी कधी आली, देवी कधी आल्या? वर्षाच्या आतली मुलं किती गेली, मुलगे किती, मुली किती? मुलींच्या जन्माच्या नोंदीच कमी असल्या तर त्या जन्मल्या कमी, की लिहिल्या कमी? मग गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या म्हाताऱ्यांकडे जा आणि अहिराणीतच विचारा. माहेर कोणतं, लग्नाआधीचं नाव काय, आईचं माहेर कोणतं. वहीत जो दोरा तुटलाय तो निदान दोन पिढ्यांपुरता त्यांच्या तोंडी अजून शाबूत आहे. बंधाऱ्यावर कोणाची बारी कधी असायची हेही त्याच सांगतील, कारण रात्रीच्या पाण्याला भाकरी घेऊन त्याच जायच्या.

एक सावधगिरी. नोंद जुनी असली तरी माणसं आजची आहेत. कुणाच्या आजोबाच्या नोंदीत काय लिहिलंय ते चावडीवर वाचून दाखवायचं नाही. आकडे सगळ्यांचे, नावं ज्याची त्याला.

आणि ही पानं तुटायला आली आहेत. जी स्कॅन झाली त्यात ज्या पानांवर हवा तो शब्द सापडला त्यांना मान मिळाला. बाकीची पुन्हा बस्त्यात गेली. बस्त्याचं कापड लाल असतं, त्याचा रंग ओलीनं कागदावर उतरतो. भाच्याच्या पानाची एक कड अशीच तांबूस झालेली आहे.

आमचा वेळ संपला असं अध्यक्ष खुणेनं सांगताहेत. प्रश्न घेऊ. पण त्याआधी, सभेत मोडी वाचता येणारं कुणी असेल तर त्यांनी कृपा करून पुढच्या रांगेत येऊन बसावं.